आढळून आले नाही

धाकटीने तिच्या पाळीतल्या दुखण्याबद्दल लिहायला परवानगी दिली आहे, पण तीन अटींवर. तिचं नाव लिहायचं नाही. ऑपरेशनचे फोटो टाकायचे नाहीत. आणि तिला कुठेही 'लढवय्यी' म्हणायचं नाही. "मी लढतबिढत नाही ताई, मी नुसती वैतागलेली असते," असं तिचं म्हणणं. तिन्ही अटी मान्य. चौथी मी माझी मला घातली: या सगळ्यात मी काय केलं तेही लिहायचं, गाळायचं नाही.

तर तिथूनच सुरुवात. ती चौदा वर्षांची होती, मी वीसची. ती बाथरूमच्या फरशीवर आडवी पडली होती, एक गाल फरशीला टेकवून, कारण फरशी गार होती आणि तिला दरदरून घाम फुटला होता. दोनदा उलटी झाली होती. मला क्लासला उशीर होत होता. मी दारातूनच म्हटलं, "अगं, सगळ्यांनाच दुखतं. मला नाही दुखत? आईला तर किती दुखायचं, ती बसली का कधी झोपून?" मग गरम पाण्याची पिशवी भरून दिली आणि मोठ्या बहिणीचं कर्तव्य केल्याच्या समाधानात निघून गेले.

त्या वाक्याने पुढे बरीच वर्षं मुक्काम केला. मी म्हटलं, आईने म्हटलं, शाळेतल्या बाईंनी म्हटलं, पहिल्या डॉक्टरांनी म्हटलं. शेवटी धाकटी स्वतःच म्हणायला लागली. कुणी विचारलं, "बरं नाही का?" तर, "काही नाही, नेहमीचंच." हे 'नेहमीचंच' फार घातक निघालं.

आज ती बत्तीस वर्षांची आहे. सतराव्या वर्षी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी दुखण्याला नाव मिळालं: एंडोमेट्रिओसिस. मधली अकरा वर्षं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की या आजाराचं निदान व्हायला सरासरी ४ ते १२ वर्षं लागतात. म्हणजे आम्ही सरासरीतच बसतो, याचं समाधान मानायचं की रडायचं ते मला अजून कळलेलं नाही. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकामुलींना हा आजार आहे, म्हणजे सुमारे १९ कोटी. दहात एक. तुमच्या ऑफिसातल्या, वर्गातल्या, घरातल्या दहा जणी मोजून बघा.

आता आजार काय आहे ते, मला समजलं तसं सांगते. मी डॉक्टर नाही, हिशेब तपासणारी बाई आहे. ऑडिट हे माझं पोटापाण्याचं काम.

गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं, गर्भ राहिला नाही की सुटून रक्ताबरोबर बाहेर पडतं. ती पाळी. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, आतड्यावर, मूत्राशयावर. क्वचित सिझेरियनच्या जुन्या व्रणात. त्याहून क्वचित श्वासपटलावर आणि फुफ्फुसाशी, आणि मग बाईला पाळीच्या दिवसांत खांदा दुखतो किंवा दम लागतो, पण त्याचा पाळीशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही. 'अस्तरासारख्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला. हुबेहूब तेच अस्तर नाही ते. या पेशी ज्यावर पोसतात ते इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन त्या स्वतःपुरतं स्वतः तयार करू शकतात, म्हणजे खाणावळ घरचीच. पण हार्मोन्सच्या चढउताराला त्या प्रतिसाद देतात, सुजतात, त्यांतून रक्त येतं, आणि गर्भाशयाला जशी बाहेरची वाट आहे तशी त्यांना नाही. मग आजूबाजूला दाह होतो, व्रण पडतात, व्रणांचे पापुद्रे होतात आणि जे अवयव एकमेकांवरून अलगद सरकायला हवेत ते चिकटतात. अंडाशयात असं जुनं रक्त साठलं की त्याची गाठ होते. आत घट्ट, काळपट तपकिरी द्रव असतो, म्हणून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. नाव कुणी ठेवलं असेल त्याला दंडवत. धाकटीने त्यानंतर कित्येक दिवस त्या पदार्थाकडे बघितलंही नाही.

हे होतं कशामुळे? जॉन सॅम्पसन नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९२७ साली मांडलेलं म्हणणं आजही सगळ्यांत आधी सांगितलं जातं: पाळीचं थोडं रक्त खाली येण्याऐवजी गर्भनलिकांमधून उलटं पोटात जातं, आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. मला हे पटकन पटलं. मग पुढचं वाचलं. असं उलटं रक्त दहातल्या नऊ बायकांमध्ये जातं. आजार मात्र दहात एकीला. आमच्या भाषेत, जमा आणि खर्च जुळत नाही. म्हणजे आणखी काहीतरी आहे. अनुवंश आहे, आई किंवा बहिणीला असेल तर शक्यता कित्येक पटींनी वाढते. शरीराची साफसफाई करणारी प्रतिकारशक्ती या पेशी उचलून नेत नाही, असंही आहे. शिवाय क्वचित असे पुरुषही नोंदले गेले आहेत ज्यांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी बराच काळ इस्ट्रोजेन दिल्यावर हाच आजार झाला. त्यांना पाळी कुठून येणार? तर सॅम्पसनसाहेबांचं खातं पूर्ण मिटलेलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते.

आमच्या धंद्यात अहवाल लिहिताना एक वाक्य फार जपून लिहावं लागतं. कंपनीचे सगळेच्या सगळे व्यवहार आम्ही तपासत नाही, ते शक्यच नसतं. नमुने काढतो, तेवढे तपासतो. म्हणून "हिशेबात चूक नाही" असं आम्ही कधीच लिहीत नाही. "आम्ही केलेल्या तपासणीत चूक आढळून आली नाही" असं लिहितो. या दोन वाक्यांमध्ये काय फरक आहे ते नव्या पोरांच्या डोक्यात घालायला मला दरवर्षी दोन महिने लागतात. कुणी पहिलं वाक्य लिहून आणलं तर मी कागद परत करते.

आणि या बाईच्या बहिणीची सोनोग्राफी झाली, रिपोर्ट आला, त्यात लिहिलं होतं की विशेष काही आढळलं नाही. मी तो रिपोर्ट हातात घेऊन काय म्हणाले असेन? "बघ. काही नाहीये."

सतराव्या वर्षीची ती सोनोग्राफी पोटावरून केलेली होती. विसाव्या वर्षी दुसरी, तीही वरूनच. तेविसाव्या वर्षी तिसरी. तिन्ही रिपोर्ट आमच्याकडे सर्टिफिकेटसारखे फाइलला लावलेले. ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावरचे लहान, चपटे ठिपके सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत, कितीही चांगलं मशीन असो. चॉकलेट सिस्ट दिसते, खोलवर गेलेला आजार दिसू शकतो, पण त्यासाठी आतून, म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी लागते, आणि बघणाऱ्याला काय शोधायचंय ते माहीत असावं लागतं. युरोपातल्या मानवी प्रजनन तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे सरळ म्हटलंय की सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं समजू नये. वाचलं तेव्हा मला माझाच कागद कुणीतरी परत केल्यासारखं झालं.

मधल्या काळात काय काय झालं ते थोडक्यात, कारण त्यात सांगण्यासारखं नवीन काही नाही. एका डॉक्टरांनी पित्त सांगितलं. एकांनी आतड्याची संवेदनशीलता. एकांनी आईला बाहेर बोलावून विचारलं, घरात काही ताण आहे का, अभ्यासाची कटकट, मित्रबित्र. एकांनी सीए-१२५ ही रक्ततपासणी सांगितली. तिचा आकडा ३५ च्या आत असावा लागतो, धाकटीचा ५८ आला, आणि कुणीतरी नेटवर बघून कर्करोग असा शब्द उच्चारला. तीन आठवडे घरात कुणी धड झोपलं नाही. नंतर कळलं की हा आकडा एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, फायब्रॉइडमध्ये, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींमध्ये वाढतो, नुसत्या पाळीच्या दिवसांतही वाढतो, आणि या आजाराच्या निदानासाठी तो वापरूच नये असं सांगतात. एंडोमेट्रिओसिस हा कर्करोग नव्हे. काही प्रकारच्या अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता त्यात थोडी वाढते, पण मुळात ती इतकी लहान असते की वाढूनही लहानच राहते. तो ५८ चा कागद अजून माझ्याकडे आहे. त्या वेळी एकाने जरी थांबून विचार केला असता की हा वाढलाय तर का वाढलाय, तर चार वर्षं वाचली असती.

आपल्यालाच असं होतं असं वाटून घेऊ नये म्हणून एक सांगते. ब्रिटिश कादंबरीकार हिलरी मँटेल, जिला दोनदा बुकर मिळालं, ती विद्यार्थिनी असताना दुखतंय म्हणून डॉक्टरांकडे गेली तर तिला मानसोपचाराची औषधं दिली गेली. पुढे नवऱ्याबरोबर बोट्सवानात राहत असताना तिने वैद्यकाच्या पुस्तकात वाचून आपल्या आजाराचं निदान स्वतःच केलं. सत्ताविसाव्या वर्षी तिचं मोठं ऑपरेशन झालं आणि मूल होण्याची शक्यता त्यात संपली. एवढी शब्दांवर हुकूमत असलेली बाई, तिचंसुद्धा कुणी ऐकलं नाही.

धाकटी सत्तावीसची झाली तेव्हा एके दिवशी तिचा ऑफिसातून फोन आला. जिन्यात बसली होती. उठता येत नव्हतं. मी गेले, तिला टॅक्सीत घातलं, आणि रस्त्यात ती एकदम शांतपणे म्हणाली, "ताई, तुला पण असंच होतं का? खरं सांग."

मी खरं सांगितलं. नाही होत. मला पहिल्या दिवशी एक गोळी लागते, दुपारपर्यंत विसरायला होतं. मला कधी उलटी झाली नाही, कधी चक्कर आली नाही, कधी जिन्यात बसावं लागलं नाही. म्हणजे 'सगळ्यांनाच दुखतं' मधलं 'दुखतं' हे आम्हा दोघींचं एकच नव्हतं. तेरा वर्षं मी हे विचारलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

त्या रात्री मी तिला एक तक्ता करून दिला. दुसरं मला येतं काय? एक्सेलची साधी फाइल. रकाने असे: तारीख. पाळीचा कितवा दिवस. दुखणं, शून्य ते दहा. कुठे दुखतंय. कोणती गोळी, किती वाजता, किती वेळाने फरक पडला. त्या दिवशी काय बुडालं. आणि शेवटी 'इतर', कारण कुठल्याही तक्त्यात 'इतर' ठेवायचा असतो, लोक खरं तिथे लिहितात.

तिने पाच महिने भरला. दोन पानं झाली. ती आम्ही नव्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो, कुणीतरी सुचवलेल्या. बाईंनी आधीची जाड फाइल बाजूला ठेवली आणि तक्ता हातात घेतला. दुखण्याच्या आकड्यांकडे फार बघितलं नाही. सरळ शेवटच्या रकान्यावर गेल्या. तिथे धाकटीने, कुणी वाचणार नाही अशा बेताने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: "शौचाला बसल्यावर सुरी फिरवल्यासारखं. फक्त या चार दिवसांत." पाचही महिने. दोन ठिकाणी: "लघवी लागली तरी दुखतं." एका ठिकाणी: "उजवा पाय मांडीपर्यंत." आणि जवळजवळ प्रत्येक महिन्यात: "थकवा, झोपूनही."

बाई म्हणाल्या, "हे आधी कुणाला सांगितलं होतं?"

धाकटी म्हणाली, "कुणी विचारलं नव्हतं."

आणि खरंच, कुणी विचारत नाही. पाळीत पोट दुखतं का, एवढंच विचारतात, त्याला सगळ्या हो म्हणतात. शौचाच्या वेळी दुखतं का, लघवीच्या वेळी, शरीरसंबंधांच्या वेळी खोलवर दुखतं का, ते पाळीच्या आसपास वाढतं का, हे प्रश्न आपण होऊन सांगण्यासारखे कुणाला वाटत नाहीत आणि विचारणाऱ्याला विचारावेसे वाटत नाहीत. दोघांच्या त्या गप्प राहण्यात आजार आरामात राहतो.

मग आतून सोनोग्राफी झाली, या कामात हात बसलेल्या तज्ज्ञांकडून. मला आत थांबू दिलं. त्यांनी एक गोष्ट केली ती मी कधी विसरणार नाही. एका हाताने त्यांनी आतलं यंत्र हळूच दाबलं आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे गर्भाशय आणि मागचं आतडं एकमेकांवरून घसरायला हवं, तेलावरून घसरल्यासारखं. बघा." आम्ही बघितलं. गर्भाशय हललं, तसं आतडंही त्याच्याबरोबर हललं, एकाच फळीला ठोकल्यासारखं. डाव्या अंडाशयात चार सेंटिमीटरची गाठ होती, आत करड्या धुरकट काचेसारखं. उजवं अंडाशय असायला हवं तिथे नव्हतंच, ओढलं जाऊन गर्भाशयाच्या मागे गेलं होतं. सगळी तपासणी पंचवीस मिनिटांत झाली. अकरा वर्षं आणि पंचवीस मिनिटं.

टेबलावरून उतरताना धाकटी हसत होती. मला वाटलं धक्क्याने. बाहेर आल्यावर म्हणाली, "आहे गं. आहे. मी वेडी नाहीये."

ऑपरेशन करायचं की नाही यावर बाईंनी घाई केली नाही. पूर्वी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत, आता तसं राहिलेलं नाही. लक्षणं जुळत असतील तर औषधं सुरू करता येतात. धाकटीच्या बाबतीत गाठ होती, आतडं चिकटलं होतं आणि गोळ्यांनी फरक पडत नव्हता, म्हणून ऑपरेशन ठरलं. आधी त्यांनी एएमएचची रक्ततपासणी करून घेतली, अंडाशयात बीजांचा साठा किती आहे त्याचा अंदाज येतो म्हणून. गाठ काढताना तिच्याबरोबर अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो, साठा घटतो. म्हणून मुलाचा विचार असेल तर तो आधी बोलून घ्यायचा, बीजं गोठवून ठेवायची असतील तर तेही आधी. हे सगळं तिला नीट बसवून सांगितलं. निर्णय तिने घेतला, काय घेतला ते तिचं ती जाणे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला तीन तास चाळीस मिनिटं लागली. बेंबीशी एक आणि खाली तीन बारीक छेद. मी बाहेर खुर्चीत बसून भिंतीवरच्या फरश्या मोजल्या. नंतर सर्जनने व्हिडिओ दाखवला. फोटो टाकायचे नाहीत ही अट आहे, वर्णनाबद्दल काही बोलली नव्हती. ओटीपोटाच्या आतला निरोगी पडदा गुलाबी आणि चकचकीत असतो, ओल्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा. त्यावर जागोजाग काळपट निळे ठिपके, बंदुकीची दारू उडून बसावी तसे. काही लाल, काही पांढरे, काही पाण्याच्या थेंबासारखे नितळ, ते तर दाखवल्याशिवाय कळतच नव्हते. मागे कोळिष्टकांसारखे पापुद्रे. सर्जनच्या चिमट्याने एकेक पापुद्रा ताणायचा, कापायचा. एका ठिकाणी उजवं अंडाशय सुटलं आणि हळूच आपल्या जागी जाऊन बसलं. त्या क्षणी मी बोलून गेले, "अरे वा!" सर्जनने माझ्याकडे वळून पाहिलं.

जाग आल्यावर धाकटीचं पहिलं वाक्य: "पोटाचं ऑपरेशन केलं ना? मग खांदा का दुखतोय?" ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो श्वासपटलाला टोचतो आणि दुखणं खांद्यात कळतं. दोन दिवसांत जातं. मला हे माहीत होतं, वाचलेलं होतं, आणि तिला सांगायला मिळालं याचा मला निरर्थक आनंद झाला.

आजाराच्या चार पायऱ्या करतात, तिची तिसरी निघाली. शेजारच्या पलंगावर जी होती तिची चौथी, म्हणजे सगळ्यांत वरची, दोन्ही अंडाशयं एकमेकांना चिकटलेली. तिला आयुष्यात कधी पोट दुखलं नव्हतं. मूल राहत नाही म्हणून तपासण्या झाल्या त्यात सापडलं. उलट पहिल्या पायरीवरच्या मुली अंथरुणाला खिळलेल्या असतात. पायरी आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही, म्हणून "तिला तिसरी असून ती कामावर जाते, तुला तर पहिलीच आहे" हे बोलण्यात काही अर्थ नाही. बोलणारे बोलतातच.

बोलण्यावरून आठवलं. "लग्न कर, सगळं जाग्यावर येईल." मग लग्न झालं. "एक मूल होऊ दे, आपोआप बरं होईल." गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढे महिने आराम पडतो, पण तो इलाज नव्हे. शिवाय या आजारात तीस ते पन्नास टक्के जणींना दिवस राहायला अडचण येऊ शकते, तेव्हा हा सल्ला म्हणजे पाय मोडलेल्याला धावून ये म्हणण्यासारखा आहे. बऱ्याच जणींना विनासायास मुलं होतातही. आणि तिसरं, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." आजार मुळातच पिशवीच्या बाहेर आहे हे लक्षात घ्या. पिशवी काढली आणि बाहेरचे ठिपके राहिले तर दुखणंही राहू शकतं.

तर आता ती बरी आहे का? लोक विचारतात आणि त्यांना हो ऐकायचं असतं. हा आजार मुळापासून जात नाही, सध्या तरी असा इलाज नाही. तो दाबून ठेवता येतो. ऑपरेशननंतर तिला रोज २ मिलिग्रॅमची डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी सुरू झाली, त्याने पाळी जवळजवळ बंद झाली. पहिले चार महिने डाग पडत राहिले, मन उदास राहायचं, डोकं दुखायचं. तिने तक्त्यात एक रकाना वाढवला, 'रडू'. मग बसलं. काही जणींना गर्भनिरोधक गोळ्या चालतात, काहींना गर्भाशयात बसवायचा हार्मोनचा टी, काहींना ती इंजेक्शनं देतात ज्यांनी तात्पुरता रजोनिवृत्तीसारखा काळ येतो, पण त्याने हाडं विरळ होतात म्हणून फार काळ देत नाहीत, किंवा जोडीला थोडे हार्मोन देतात. तिला दोन वर्षांनी डाव्या बाजूला पुन्हा दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. ती तिथेच आहे. तिच्यावर लक्ष आहे.

आणि काही दुखणं ऑपरेशननंतरही उरलं होतं. इतकी वर्षं दुखल्यावर मज्जातंतूंनाच सवय लागते, आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले राहतात. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट भेटली. तिने व्यायाम शिकवले ते आवळण्याचे नाहीत, सोडण्याचे. धाकटी म्हणते, "सोडणं किती अवघड असतं ते तुला नाही कळायचं, तू तर जन्मजात आवळलेली आहेस." बरोबर आहे.

आता आईचं. आमच्या घरी लहानपणापासून दोन पिशव्यांवर बोलणं व्हायचं, एक गरम पाण्याची आणि एक आईची काढलेली. त्रेचाळिसाव्या वर्षी काढली होती. का, हे आम्ही कधी विचारलं नाही. "फार जायचं," एवढं ती म्हणायची. धाकटीच्या डॉक्टरबाईंनी घरातल्या कुणाला असा त्रास होता का विचारलं, तेव्हा मी आईची जुनी फाइल शोधली. कपाटाच्या वरच्या खणात, पिवळी पडलेली, दोरीने बांधलेली. त्यात काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल होता, टाइप केलेला, आणि त्यात शब्द होता: ॲडिनोमायोसिस. अस्तर गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीत घुसलेलं. एंडोमेट्रिओसिसचं सख्खं भावंड म्हणावं असा आजार. भयंकर दुखू शकतं त्यात.

पंचवीस वर्षं तो कागद घरात होता. कुणी वाचला नव्हता, मी तर नाहीच. आणि ज्या बाईचं दुखणं मी मापाला घेतलं होतं, "आईला किती दुखायचं, ती बसली का कधी झोपून", ते मापच आजारी होतं.

मी आईला समजावून सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाली, "म्हणजे होतं का काहीतरी."

मग आठ दिवस त्यावर काही बोलली नाही. एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर काम करत असताना मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "धाकटीचा तो तक्ता दाखव गं." मी उघडला. तिने वाकून एकेक रकाना वाचला. तारखा, आकडे, गोळ्या. 'काय बुडालं' पाशी तिने बोट ठेवलं.

"यात माझं एक लिही."

"सांग."

"गाण्याची परीक्षा. तिसरी."

मी मान वर करून बघितलं. "तू गायचीस?"

"दोन दिल्या होत्या. तिसरीच्या दिवशी उठताच आलं नाही. मग राहूनच गेलं."

मी शेवटच्या ओळीखाली नवी ओळ घेतली आणि लिहिलं. तारीख तिला आठवत नव्हती. नुसतं, "पावसाळा होता," म्हणाली. तारखेविना नोंद मी एरवी कुणाची चालवून घेत नाही.